पेवातले पौंड

सकाळी सव्वादहाला सांगलीच्या गणपती पेठेतल्या बँकेचं दार उघडलं, की सगळ्यांच्या आधी आत शिरायचे ते शांतूआण्णा मगदूम. त्या बँकेत त्यांचं खातं नव्हतं. भरायचं काही नव्हतं, काढायचं काही नव्हतं. माधवनगरहून सायकल मारत यायचे, खोचलेलं धोतर सोडायचे, टोपी काढून कपाळ पुसायचे आणि परदेशी नाण्यांच्या हुंडणावळीच्या टेबलावर बसणाऱ्या लालासाहेबांना विचारायचे, "काय म्हणतोय आज?"

लालासाहेब भला माणूस. पहिल्या वर्षी ते नीट उत्तर द्यायचे, दुसऱ्या वर्षी हसून द्यायचे आणि तिसऱ्या वर्षापासून काही न बोलता मुंबईहून आलेलं दरपत्रक काचेवर सरकवू लागले. आण्णा चष्मा लावून इंग्लंडच्या पौंडाची ओळ शोधायचे, तिच्यावर बोट ठेवायचे आणि काल होता तोच दर आज पुन्हा दोनदा वाचायचे. मग खिशातल्या लाल वहीत तो टिपून घ्यायचे. पाणीसुद्धा न पिता बाहेर पडायचे आणि तिथून हळदीच्या बाजारात.

कारण आण्णा पोटापाण्यानं हळदीचे दलाल होते. स्वतःचं दुकान नव्हतं, गादी नव्हती. दुसऱ्याच्या अडतीवर बसायचं, घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून द्यायची आणि पोत्यामागं सुटेल ते खिशात घालायचं. त्या काळी सांगलीच्या बाजारात भाव तोंडानं कमी आणि हातानं जास्त ठरायचा. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. वरून दोघंही आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभे. आण्णांचा हात या कामात इतका तयार झाला होता, की समोरच्याचं करंगळीचं टोक जरा ढिलं पडलं तरी त्यांना कळायचं, गडी अजून पाच रुपयांनी खाली येतोय. बाजारात या हाताला मान होता. घरात त्याचा उच्छाद होता. जेवताना, पेपर वाचताना, देवळात शास्त्र ऐकतानासुद्धा आण्णांची बोटं स्वतःच्या मांडीवर दाबादाबी करत असायची. त्यांची बायको गुणमालाबाई म्हणायची, "आवं, निदान मांडीचा तरी सौदा करू नका."

हे पौंडाचं लचांड मागं लागलं ते एकोणीसशे सदुसष्टच्या ऑगस्टपासून. एकुलता एक मुलगा मदन मिरजेत डॉक्टर झाला आणि पुढच्या परीक्षेसाठी इंग्लंडला निघाला. तेव्हा परदेशी जाणाऱ्याला सरकार हातखर्चाला मोजून तीन पौंड घेऊ द्यायचं. ते तीन पौंड आण्णांनी याच बँकेतून, याच लालासाहेबांकडून घेतले. एकवीस रुपयाला एक, असे त्रेसष्ट रुपये दिले आणि तीन नोटा उजेडाला धरून, उलटून पालटून बघितल्या. व्यापारी माणसाची एक खोड असते. ज्या भावानं तो पहिली खरेदी करतो, तोच त्याच्या मते त्या मालाचा खरा भाव. वर गेला तर नफा, खाली आला तर बाजार वेडा झालाय. आण्णांच्या डोक्यात पौंडाची किंमत एकवीस रुपये बसली ती अशी.

बेत साधा होता. मदननं पाच वर्षं तिथं राहायचं, मोठा सर्जन व्हायचं, पैसे साठवायचे आणि परत येऊन माधवनगरच्या रस्त्याला दवाखाना बांधायचा. त्यासाठी आण्णांनी सहा गुंठ्यांचा तुकडा घेऊनही ठेवला होता. गुणमालाबाईंना दवाखान्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पोरगा परत येणार आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मदन जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच पौंड एकवीसचा अठरावर आला. तोही एका रात्रीत. आण्णा रेडिओवर ऐकून हादरले आणि सकाळी बँकेत जाऊन भांडले. लालासाहेबांनी समजावलं, की आदल्या साली आपल्या सरकारनं रुपया उतरवला होता म्हणून तेराचा पौंड एकवीस झाला. आता इंग्लंडनं पौंड उतरवला म्हणून एकवीसचा अठरा. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परत कवा चढणार?" लालासाहेबांना या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही पत्रकात सापडलं नाही.

उत्तर नाही म्हटल्यावर आण्णांनी ते इतरांकडे शोधायला सुरुवात केली. त्यात त्यांच्या तावडीत सापडले नाथाजी सुभेदार. हे सातारा जिल्ह्यातले, वाईकडचे. पलटणीतून निवृत्त होऊन शेती बघायचे आणि दर साल फाल्गुनात हळदीची गाडी घेऊन आण्णा बसायचे त्या अडतीवर उतरायचे. दुसऱ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला माणूस म्हणजे पौंडातला जाणकार, असं आण्णांनी ठरवून टाकलं. सत्तरच्या साली मार्केट यार्डातल्या चहाच्या टपरीवर दोघं बसले असताना आण्णांनी विषय काढला.

"आवं, आमच्या वेळंला लय सोपं होतं," नाथाजी म्हणाले. "रुपयाला दीड शिलिंग. मला शाळंतला दिडकीचा पाढा पाठ, म्हणून पलटणीतली समदी पोरं हिशेबाला माझ्याकडं यायची. दहा रुपयं, दहा दिडे पंधरा, पंधरा शिलिंग. ईस शिलिंगाचा पौंड. म्हंजी पौंडाला तेरा रुपयं, पाच आणं, चार पै. माझा बाप पैल्या लढाईला बसऱ्याला गेला हुता, तवा तर गिन्नी, म्हंजी सोन्याचा पौंड, पंधरा रुपयाला हुती."

आण्णांनी वही काढली. "थांबा. पंधरा, मग तेरा, मग एकवीस, आता अठरा. म्हंजी उतरला तरी परत चढतोय म्हणा की."

"चढतोय कुठला! सायेब चढवतोय. तुमची हळद बगा. तिला पाऊस लागतोय, कीड लागती, गिऱ्हाईक लागतंय. ह्येला फकस्त सही लागती. तीस-चाळीस वरसं तेरावर खिळा ठोकून ठिवला हुता, कुणाच्या बानं हालला न्हाई. आन् सही झाली तशी एका दिसात एकवीस."

इतकं शहाणपणाचं बोलणं आण्णांच्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. पण आण्णांनी त्यातलं 'पंधराचा तेरा झाला, तेराचा एकवीस झाला' एवढंच उचललं. बाकीचं टपरीवर राहिलं.

यात आण्णांचा दोष किती आणि सांगलीच्या मातीचा किती, हे ठरवणं अवघड आहे. सांगलीशेजारी हरिपुरात, कृष्णेच्या काठाला, हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला खोल खड्डा. तोंड अरुंद, आत माणूस उभा राहील एवढी जागा. हळद आत भरायची, वरून पालापाचोळा आणि माती घालून तोंड बंद करायचं. तिथली मातीच अशी, की वर्ष जावो की तीन वर्षं जावोत, हळदीला कीड लागत नाही, उलट रंग चढतो. भाव पडला की शहाणा व्यापारी हळद पेवात टाकतो आणि निवांत झोपतो. ज्याला घाई, तो बुडतो. आण्णांनी स्वतः एकोणसाठ साली एका रडकुंडीला आलेल्या शेतकऱ्याची साठ पोती अशीच पेवात घालायला लावली होती. दोन वर्षांनी पेव उघडलं. आतली वाईट हवा निघून जाईस्तोवर दोघं अर्धा दिवस काठावर बसून होते. मग माल काढला, आणि भाव दीडपट आला. तो शेतकरी आण्णांच्या पाया पडला होता. आपल्या आयुष्यात आपण काहीतरी मोठं केलं असं आण्णांना वाटायचं, ते या एका गोष्टीमुळं.

आता ज्याला आयुष्यानं असा एकच धडा दिलाय, तो माणूस पौंडालाही तोच लावणार. दुसरं काय करणार?

बहात्तरच्या जानेवारीत मदनचं निळं हवाई पत्र आलं. मधे सत्तर साली तो येऊन लग्न करून गेला होता. बायको चंदनबाला जयसिंगपूरची, तीही तिकडं गेली होती आणि त्यांना पद्मजा ही मुलगी झाली होती. मदननं लिहिलं होतं, की परीक्षा संपत आली आहे आणि अडीच हजार पौंड शिल्लक पडले आहेत. दवाखान्याचा पाया घालायचा असेल तर पाठवतो, आणि आम्हीही दिवाळीपर्यंत सामान आवरून येतो. तुम्ही म्हणाल तसं.

आण्णांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग वही उघडली. बांधकामाचा अंदाज गवंड्यानं बावन्न हजार दिला होता. आणि नेमकं महिन्यापूर्वी काय झालं होतं, तर अमेरिकेनं आपला डॉलर उतरवला, जगभरच्या नाण्यांची घडी विस्कटली आणि त्या गोंधळात पौंड अठरावरून अठरा रुपये सत्त्याण्णव पैशांवर आला होता. चार वर्षांत पहिल्यांदा हालला होता. त्या दिवशी आण्णांनी लालासाहेबांना पेढा खायला घातला होता. अडीच हजार पौंड, आजच्या भावानं सत्तेचाळीस हजार चारशे. एकवीसनं साडेबावन्न हजार. बरोबर एकवीसलाच दवाखाना उभा राहत होता. आण्णांना यात देवाचीच खूण दिसली.

"लिवा त्याला, ये म्हणून," गुणमालाबाई म्हणाल्या. त्या शेवया वळत होत्या. हात थांबवून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "पाच हजाराचंच तर कमी पडतंय. माझ्या पाटल्या हायत."

"पाटल्या मोडायची काय गरज हाय? आताशी पौंड हाललाय. जाग्यावरनं उठलेला भाव अर्ध्यात थांबत न्हाई. वरीस, दोन वरीस कळ काढायची."

"पोरगं हळद हाय व्हय?"

"पोराचं कोण बोलतंय? मी पौंडाचं बोलतोय."

आणि आण्णांनी पत्र लिहिलं. चि. मदन यास अनेक आशीर्वाद. रक्कम सध्या तिथेच ठेवावी. भाव सुधारतो आहे. एकवीस झाल्याशिवाय हलवू नये, आपले पाच हजाराचे नुकसान होईल. घाई करू नये. आईचे आशीर्वाद. गुणमालाबाईंना वाचता यायचं, लिहायचा हात मात्र कधी बसला नव्हता. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "ह्यात ये म्हणून कुठं हाय?" आण्णा म्हणाले, "भाव झाला की ये, असाच अर्थ हाय त्याचा. मदन शाणा हाय."

त्यानंतरची साडेतीन वर्षं आण्णांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. इंग्लंडनं पौंडाचा खिळा काढून त्याला जगात मोकळा सोडला होता, पण आपल्या सरकारनं रुपया पौंडालाच बांधून ठेवलेला. एका दाव्याला बांधलेली दोन जनावरं. एक ओढ्यात उतरलं की दुसरंही उतरणार. पौंड जगात घसरत होता आणि त्याच्या मागोमाग रुपयाही, त्यामुळं दोघांमधलं अंतर काही बदलत नव्हतं. पत्रकात अठरा ऐंशी, नाहीतर अठरा ऐंशीच्या आसपास. आज तेच, उद्या तेच. भाव पडला असता तरी आण्णांनी सोसलं असतं. पण न हालणारा भाव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी एकदा बँकेत जाणारा माणूस दुपारी दुसऱ्यांदा जाऊ लागला. एकदा तर लालासाहेबांना म्हणाले, "तुमी पत्रक आजचंच देताय न्हवं? जुनंच फिरवत न्हाई न्हवं?" लालासाहेबांनी डोक्याला हात लावला आणि पत्रकावरची तारीख दाखवली.

बाजारातही लक्ष लागेना. रुमालाखाली हात असताना आण्णांचं चित्त भलतीकडं. एकदा पाचाऐवजी चार बोटं दाबली आणि अडतीच्या मालकाला चाळीस पोत्यांत फटका बसला. तो भला म्हणून पदरचं घालून गप्प बसला, पण दुसऱ्या दिवसापासून मोठे सौदे आण्णांकडं येईनासे झाले. त्यात बहात्तरचा दुष्काळ, सगळीकडं हलाखी. माधवनगरच्या रस्त्यावरच्या त्या सहा गुंठ्यांत वेडी बाभूळ माजली. घरी आण्णा एका जागी पाच मिनिटं बसायचे नाहीत. दारात पोस्टमनची वाट बघायची, आत येऊन रेडिओचा कान पिळायचा, पुन्हा दारात. गुणमालाबाई त्यांच्याकडं बघून बघून थकल्या.

मदनची पत्रं येत राहिली. मात्र त्र्याहत्तरनंतर ती आखूड झाली. परीक्षा पास झालो. पद्मजा बोलायला लागली. इथं थंडी फार आहे. दवाखान्याचं नाव त्यांतून हळूहळू गेलं, आणि ते गेलेलं आण्णांना कळलंसुद्धा नाही, कारण ते पत्रात आधी पौंड हा शब्द शोधायचे. गुणमालाबाईंना कळलं होतं. त्या दर पत्राला म्हणायच्या, "ये म्हणून लिवा." आण्णा दर पत्रात भाव लिहायचे.

पंच्याहत्तरच्या सप्टेंबराच्या अखेरीस, आण्णांनी सायकल भिंतीला टेकवली नाही तोच लालासाहेब स्वतः पायरीवर आले. "आण्णा, सरकारनं रुपया पौंडापासून सोडवला. आता दहा-बारा देशांच्या नाण्यांकडं बघून दर ठरवणार. सुरुवात अठरा तीसनं झालीय."

"सुटला?" आण्णांनी त्यांचा हातच धरला. "मोकळा सुटला? म्हंजी आता बाजार सुरू झाला म्हणा की!" त्या दिवशी त्यांनी बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवण केलं. गुणमालाबाईंना म्हणाले, "आता बग. कोंडलेला माल बाहेर पडलाय. सहा म्हैन्यांत एकवीस."

सहा महिन्यांत सतरा झाला. मग सोळा. पावसाळा संपेस्तोवर आण्णांचा चेहरा असा उतरला, की बाजारात लोक त्यांना प्रकृती विचारू लागले. इंग्लंडात महागाई, संप, सरकारला कर्ज काढावं लागतंय, असं पेपरात येत होतं. शहात्तरच्या दिवाळीच्या आत पौंड पंधराच्या खाली गेला. अडीच हजाराचे छत्तीस हजार. दवाखान्याच्या तीन भिंतीसुद्धा त्यात होत नव्हत्या. नाथाजी सुभेदार कामाला सांगलीत आले होते. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "माझ्या बाच्या गिन्नीवर आला की गड्या परत. साठ वरसं फिरून." आण्णांना त्यात विनोद दिसला नाही. त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं. आता अजिबात हात लावू नये. पडत्या भावात विकणे म्हणजे आत्मघात.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. डिसेंबरात मदन स्वतःच आला, चार आठवड्यांच्या रजेवर. चंदनबाला आणि पाच वर्षांची पद्मजा बरोबर. पोरीला मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. गुणमालाबाईंनी त्याचं काही मनावर घेतलं नाही, त्या तिला मांडीवरून उतरवायला तयार नव्हत्या.

चौथ्या दिवशी दुपारी आण्णा मदनला प्लॉटवर घेऊन गेले. काठीनं बाभळी बाजूला सारत त्यांनी सगळं दाखवलं. इथं तपासायची खोली, इथं ऑपरेशनची, इथं पेशंटच्या माणसांना बसायला पडवी. बोलता बोलता दम लागला तरी थांबेनात. "थोडी कळ काढ. आता तळ गाठलाय त्यानं. ह्याच्या खाली जाणार न्हाई. तुझे ते अडीच हजार हायत तसे राहू देत."

मदननं पायाशी आलेली बाभळीची फांदी बाजूला सारली. "आण्णा, ते पैसे नाहीत आता. त्र्याहत्तरलाच तिथं घर घेतलं. ते पहिल्या हप्त्याला भरले. बाकी कर्ज आहे."

"घर? आन् मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? तुमचं दर पत्र, एकवीस होऊ दे, एकवीस होऊ दे. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. पद्मजाला खोकला लागला, भिंतींना ओल. पैसे तर पडूनच होते. इथं पौंड उतरतोय, आण्णा. तिथं उतरत नाही. तिथं तो पौंडच असतो. त्याची वीट येते, कोळसा येतो, पोरीची फी येते."

आण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. सगळ्या जगाचे भाव वहीत लिहिले, पण ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात कधी आली नव्हती. पेवातली हळद पेवात काही करत नाही. ती पडून राहते. आणि पौंड ज्याच्याजवळ ठेवायला सांगितले होते, तो जिता माणूस होता, बायको-पोर असलेला. नऊ वर्षं तो तिथं काय निपचित पडून राहणार होता?

संध्याकाळी आण्णा पुढच्या खोलीत पाट टाकून बसले होते. देवळातून आलेल्या गुणमालाबाई आणि मदन स्वयंपाकघरात होते. भिंत पातळ.

"एक विचारू?" गुणमालाबाईंचा आवाज. "तू का आला न्हाईस रं?"

मग मदन म्हणाला, "आण्णांनी बोलावलंच नाही कधी. बहात्तरला मी सामान बांधायला काढलं होतं, आई. चंदननं पेट्या आणल्या होत्या. आण्णांचं पत्र आलं, घाई करू नको. मी दोन दिवस कामाला गेलो नाही. मला वाटलं, त्यांना दवाखाना पाहिजे. पाच हजार कमी घेऊन आलेला मी नको."

आण्णा उठायला गेले. आत जाऊन सांगावं, हे खोटं आहे. लिहिलं होतं मी. मनातल्या मनात ते पत्रं चाळू लागले. बहात्तरचं, त्र्याहत्तरचं, चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीचं, पद्मजाच्या बारशाला उशिरा पाठवलेलं, काल-परवाचं. भाव सगळे आठवले, पैशासकट. 'ये' कुठंच सापडेना. त्यांना आठवलं, की गुणमाला दर वेळी सांगत होती आणि दर वेळी आपण तिला शहाणपणा शिकवत होतो. उठायला टेकवलेला हात तसाच राहिला आणि ते परत पाटावर बसले. खरं तर त्यांना पोरगाच पाहिजे होता. दवाखाना हा त्याला आणायचा रस्ता होता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा बँकेत गेले नाहीत. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. गुणमालाबाई दोनदा बाहेर डोकावून गेल्या. मदन कट्ट्यावर पेपर वाचत होता, पद्मजा त्याच्या पायाशी बसून शेंगा फोडत होती. आण्णा येऊन त्याच्या शेजारी बसले. नऊ वर्षांत जे लिहिता आलं नाही ते बोलायचं होतं, आणि बोलायला त्यांच्याकडं शब्द होते ते सगळे बाजारातले.

"मदन," ते म्हणाले, "आहे त्या भावात ये."

मदननं पेपर खाली केला. "आण्णा, पौंडच नाहीत माझ्याकडं."

"मी पौंड मागतोय का? रिकाम्या हातानं ये. दवाखाना राहू दे. मिरजेत नोकरी कर, न्हाईतर काहीच करू नको. बाभळी तोडून तिथं चार खोल्या बांधू. तू ये."

मदननं पोरीच्या हातातली शेंग घेतली, फोडली, दाणे परत तिच्या हातावर ठेवले. तिची शाळा जानेवारीत सुरू होणार होती. चंदनबालाला तिथं इस्पितळाच्या ऑफिसात कायमची नोकरी लागली होती. घराचे बावीस वर्षांचे हप्ते होते. शाळेचं आणि नोकरीचं त्यानं आल्या दिवशीच सांगितलं होतं, घराचं काल, आणि आण्णांनी ते नुसतं ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"हे बहात्तर साली म्हणाला असतात, आण्णा, तर..."

"बहात्तरला अठरा सत्त्याण्णव होता," आण्णा बोलून गेले.

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. मदन त्यांच्याकडं बघत होता. आण्णांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि भर सकाळी, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, ते लहान पोरासारखे रडू लागले.